कडेची खुर्ची

बत्तीस वर्षं वेंडेलीनने नाटकं पाहिली
ती डाव्या विंगेतून,
भिंतीला बिजागरीने ठोकलेल्या घडीच्या खुर्चीवरून.
नियमच आहे तसा या देशात :
प्रयोग असला की बंबवाला हजर हवा.
वाळूच्या दोन बादल्या, एक घोंगडी, एक वही.
वहीत रोज एकच ओळ, "आग नाही."

त्यामुळे त्याला ठाऊक असलेले राजे सगळे एका कानाचे.
झग्याला पाठीमागून टाचण्या लावलेले.
विरहात कोसळून आत आलेली नायिका
आधी नाक शिंकरते, मग पाणी मागते
आणि मेलेला सैनिक
पडदा टेकायच्या आत पोटरी खाजवून घेतो.
"शेवट काय होतो रे?" मी विचारायचे.
"उजवीकडे जातात सगळे," तो म्हणायचा.

मी खाली, कोटांपाशी.
एकशे ऐंशी खुंट्या, एकशे एकोणऐंशी पितळी बिल्ले.
बासष्ट नंबरचा पुरात गेला,
तेव्हापासून त्याच्याजागी लाकडाचा.
तिसरी घंटा झाली की दारं बंद,
आणि मला उरायचं ते ऐकणं.
वरच्या दालनात रविवारी चौघं वाजवायला बसत,
तेव्हा चेलो छतातून उतरून
ओल्या लोकरीत शिरून बसायचा,
कापूर, कुत्रा आणि साखर कारखान्याचा नोव्हेंबर
या वासांच्या मधोमध.
टाळ्याही माझ्यापर्यंत यायच्या त्या कोटांतून गाळून,
भिजल्यासारख्या.

म्हणजे हिशेब मांडला
तर त्याच्याकडे एक बाजू,
माझ्याकडे आवाज,
आणि समोरचं नाटक दोघांकडेही नाही.

तो निवृत्त झाला त्या मार्चमध्ये
नगरपालिकेने भाषण केलं, मग सॉसेज, मग दोन तिकिटं :
तिसरी रांग, अगदी मधली.
कोट मी भाचीवर सोपवले, बोहदानावर,
आणि आयुष्यात पहिल्यांदा दाराच्या त्या बाजूला गेले.

समोर रंगवलेला पडदा.
हातात तंतुवाद्य घेतलेली देवी, चेहरा मात्र
जुन्या साबणवाल्याच्या बायकोचा; झुंबराचे पैसे तिचे.
गाव सांगतं, चित्रकाराची बिदागी थकली
म्हणून रागाने त्याने तिच्या उजव्या पायाला सहा बोटं काढली.
शाळेची सहल येते ती बोटं मोजायला.
मीही मोजली. सहाच.

वेंडेलीन बराच वेळ बघत राहिला.
मग वाकून माझ्या कानाशी :
"ते बोट नाही गं.
ठिगळ आहे.
पुरानंतर उंदरांनी कुरतडलं होतं,
मी मागून शिवलं, ताडपत्रीच्या दोऱ्याने.
पुढून कसं दिसतं ते कधी पाहिलंच नाही."
आणि त्याचे खांदे हलायला लागले.
मागच्या रांगेतून कुणीतरी शुक् केलं.

नाटक सुरू झालं. राजा आला.
"दोन कान आहेत," तो पुटपुटला, जरा नाराजच.
तिसऱ्या अंकात यंत्राचं धुकं सुटलं तसा
तो अर्धा उठला; मी बाही धरून ठेवली.
डावीकडे त्याच्या खुर्चीवर एक नवा पोरगा होता,
चेहऱ्यावर मोबाइलचा उजेड.
वेंडेलीनची नजर दर दोन संवादांनी तिकडे.
बादल्या दिसत नव्हत्या म्हणे.

आणि मी?
एवढी मखमल, एवढी सोनेरी वेलबुट्टी,
एवढे पाय, हात, मेणबत्त्या एकदम,
मला काही ऐकूच येईना.
शेवटच्या प्रवेशात डोळे मिटून घेतले.
तेव्हा कुठे तो आवाज आला,
नेहमीचा, खालचा, लोकरीतला.
रंगमंचावर पावलं वाजली. मग वाजायची थांबली.

"कुठे गेले?" मी डोळे न उघडता विचारलं.
"उजवीकडे," तो म्हणाला.

खाली रांगेत उभे राहिलो, लोकांसारखे.
बोहदानाने आम्हाला लाकडी बिल्ला दिला होता
आणि कोट भलत्याचाच काढला.